नखाखालचा ठणका

जानेवारीतील एक पहाट डोळ्यांसमोर आणा. स्थळ भिलाई. पोलादाच्या कारखान्याची रात्रपाळी सुटण्याच्या बेतात आहे, आणि वसाहतीतील एका घरात गृहिणी चहाचे पातेले विसळण्यासाठी नळाखाली हात धरीत आहे. गार पाणी बोटांवर पडते न पडते तोच उजव्या अनामिकेच्या नखाखालून अशी एक कळ उठते की, हातातले पातेले मोरीत आदळते. कळ मनगटात जाते, कोपरात जाते, कधी खांद्यापर्यंत चढते. आणि काही मिनिटांनी जशी आली तशी ओसरते. बोटाकडे पाहावे, तर त्यावर काही नाही. सूज नाही, लाली नाही, पू नाही. शेजारीण म्हणते, ‘नखुरडे असेल, लिंबू खोचून ठेवा.’ सासूबाई म्हणतात, ‘वात आहे.’ दवाखान्यात क्ष-किरणांचे चित्र निघते, त्यात हाड नीट दिसते. मलमे होतात, गोळ्या होतात, मानेचे व्यायाम होतात. आणि तीन-चार वर्षांनी कोणीतरी घरच्या माणसांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगते की, दुखणे बोटात नसून मनात आहे.

ही गृहिणी मी कल्पनेने उभी केली आहे. परंतु तिच्यासारख्या रुग्णांच्या हकिकती वैद्यकाच्या नियतकालिकांत गेली दोनशे वर्षे छापल्या जात आहेत, आणि त्यांतील बहुतेकींचा क्रम हाच आहे. कळ, शेक, औषध, अविश्वास, आणि फार उशिरा निदान. तिच्या नखाखाली वाटाण्याहूनही लहान, पुष्कळदा तीन ते पाच मिलिमीटरची, एक गाठ असते. तिला ग्लोमस अर्बुद म्हणतात. ही गाठ बहुधा जिवाला अपाय करीत नाही. ती काढली की दुखणे जाते. मग प्रश्न उरतो तो एवढाच की, जी गाठ इतक्या मोठ्याने ओरडते ती सापडायला इतका वेळ का लागावा? या प्रश्नाच्या उत्तरात शरीरशास्त्राच्या इतिहासाचा एक मनोरंजक भाग दडलेला आहे, आणि आजचे माझे बोलणे त्याविषयीच आहे.

नखांचे विकार आपल्याकडे पूर्वीपासून ठाऊक आहेत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणी ‘चिप्प’ आणि ‘कुनख’ असे दोन विकार सांगितले आहेत. चिप्पात नखाच्या मांसात आग, वेदना आणि पाक होतो, म्हणजे ते आपले नखुरडेच. कुनखात आघाताने नख काळवंडते, खरखरीत होते. जिथे पाक नाही आणि आघातही नाही, केवळ वेदना आहे, असा विकार या दोन्ही खणांत बसत नाही. ओढूनताणून तो तिथे बसवण्याचा मोह आपण आवरावा हे बरे. जुन्यांना सर्व काही ठाऊक होते असे म्हणण्याने जुन्यांचा गौरव होत नाही.

या दुखण्याचे पहिले नीट वर्णन छापले गेले ते १८१२ साली, एडिंबरो येथे. विल्यम वुड नावाच्या शल्यवैद्याने तेथील वैद्यकीय नियतकालिकात ‘त्वचेखालील वेदनाकारक गुटिका’ या अर्थाच्या मथळ्याचा एक लेख लिहिला. त्वचेखाली वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान गुटिका, नुसत्या स्पर्शाने उठणारी झटक्याझटक्यांची वेदना, आणि गुटिका कापून काढताच मिळणारा आराम, हे सारे त्याने नोंदले. आज मागे वळून पाहता असे वाटते की, वुडच्या रुग्णांत सर्वांनाच ग्लोमस अर्बुद नसावे. त्वचेखाली दुखणाऱ्या गाठी आणखीही आहेत, काही मज्जातंतूंच्या, काही नीलेच्या भिंतीतील स्नायूंच्या. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून निदान करण्याची रीत तेव्हा रूढ झालेली नव्हती. परंतु या लेखातील दुसरी एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. साल १८१२ आहे. ईथरने भूल देऊन केलेली प्रसिद्ध शस्त्रक्रिया बॉस्टनला झाली ती १८४६ च्या ऑक्टोबरात. म्हणजे वुडचे रुग्ण शुद्धीत राहून, बोट वा पाय पुढे करून, चाकूखाली बसत होते. ज्या वेदनेपुढे चाकू सुसह्य वाटावा, ती वेदना मनाचा खेळ कशी असेल? हा साधा तर्क वुडच्या वाचकांना सुचायला हरकत नव्हती. तरीही पुढची शंभर वर्षे या रुग्णांच्या वाट्याला पुष्कळ वेळा संशयच आला.

शल्यवैद्य बाहेरून या गाठीकडे येत असता, तिच्या मुळाचा शोध निराळ्याच वाटेने लागत होता, आणि तो शोध लावणाऱ्यांना गाठीची कल्पनाही नव्हती. रक्त हृदयाकडून रोहिणींतून निघते, केशवाहिन्यांच्या जाळ्यातून झिरपते आणि नीलांतून परत येते, हे आपण शाळेत शिकलो. पॅरिसच्या सुके याने १८६२ साली, आणि वॉर्साच्या हेन्रिक होयर याने १८७७ साली दाखविले की, काही ठिकाणी रक्त केशवाहिन्यांना वळसा घालून रोहिणीतून थेट नीलेत उतरते. होयर हा पोलंडमधील नामांकित सूक्ष्म-शरीररचनाशास्त्रज्ञ होता. रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव्य भरून, ते किती बारीक वाटेने पुढे जाते हे पाहण्याची त्याची पद्धत होती. या आडवाटांना पुढे ‘सुके-होयर कालवे’ हे नाव मिळाले. माणसाच्या हातापायांच्या बोटांच्या टोकांत, विशेषतः नखाच्या गादीखाली, असे कालवे दाटीने आढळतात. प्रत्येक कालवा वेटोळे घालून बसलेला असतो. त्याच्या भिंतीत स्नायूसारख्या, पण गोलसर अशा पेशींचे अनेक थर असतात, आणि सभोवार अतिसूक्ष्म मज्जातंतूंचे जाळे असते. लॅटिनमध्ये सुताच्या गुंड्याला ‘ग्लोमस’ म्हणतात. या वेटोळ्यांना तेच नाव मिळाले.

हे गुंडे करतात तरी काय? ते शरीराची उष्णता राखतात. अंगात उष्मा वाढला की कालवे उघडतात, त्वचेजवळून रक्ताचा लोंढा वाहतो आणि उष्णता बाहेर पडते; गारठा आला की ते मिटतात आणि उष्णता आत राहते. फार वेळ गारठा राहिला तर बोटे गोठून जाऊ नयेत म्हणून ते मधूनमधून उघडतात. बर्फाच्या पाण्यात बुडवलेले बोट आलटून पालटून गार व उबदार होते, हे लंडनच्या सर थॉमस लुइस यांनी १९३० साली मोजून दाखविले. भिलाईच्या लोकांना ही गोष्ट समजावून सांगणे मला कधी कठीण वाटले नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि जिथे सुमारे दीड हजार अंशांचे वितळलेले लोखंड रोज ओतले जाते, त्या गावाला झडपेचे मोल शिकवावे लागत नाही. अशी झडप बिघडली तर काय होईल? ग्लोमस अर्बुद ही त्याच बिघडलेल्या झडपेची गोष्ट आहे. या गुंड्यातील त्या गोलसर पेशी अवाजवी वाढतात, त्यांचा एक चिमुकला गोळा बनतो आणि तो नख व हाड यांच्या कैचीत सापडतो. नख हटत नाही, हाड हटत नाही.

परंतु गाठ आणि गुंडा यांचा हा संबंध जुळायला १९२४ साल उजाडावे लागले. तोवर ज्या थोड्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या त्यांचे बारसे ज्याने त्याने आपापल्या परीने केले. १८७८ साली कोलाचेक या जर्मन शल्यवैद्याने अशी गाठ ‘अँजिओसार्कोमा’, म्हणजे रक्तवाहिनीचा कर्करोग, या सदरात घातली. नाव हे केवळ नाव नसते. ज्या गाठीला सार्कोमा म्हटले, तिच्यापायी अख्खे बोट गमावण्याची पाळी येऊ शकते.

१९२४ च्या या शोधाचे श्रेय स्ट्रासबुर्ग येथील दोघांचे आहे. हे शहर १८७१ पासून जर्मनीकडे होते. पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे परत आले आणि तेथील विद्यापीठात फ्रेंच अध्यापकांची नवी फळी दाखल झाली. तीत झाँ-अलेक्झांद्र बॅरे हा मज्जारोगतज्ज्ञ होता आणि पियेर मासों हा विकृतिशास्त्रज्ञ होता. बॅरेचे नाव महाराष्ट्राला आता अपरिचित नाही. २०२५ च्या आरंभी पुण्यात ज्या ‘गुलेन-बॅरे’ विकाराची, म्हणजे वृत्तपत्रांतल्या ‘जीबीएस’ची, एवढी धास्ती पसरली, त्याचे १९१६ साली वर्णन करणाऱ्या तिघांपैकी हाच तो बॅरे. नखाखाली दुखरी गाठ असलेल्या रुग्णांकडे तो अनुकंपी मज्जासंस्थेच्या अंगाने पाहत होता. गाठ एवढीशी, आणि तिचे पडसाद सबंध हातभर उमटतात, हे कोडे त्याला सुटत नव्हते. काढलेल्या गाठी मासोंच्या टेबलावर आल्या.

मासों हा पेशींना रंग देण्याच्या कलेत अद्वितीय होता. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ‘मासोंचा तिरंग’ वापरला जातो. या गाठींत त्याला रक्ताच्या पोकळ्या दिसल्या, त्यांच्याभोवती गोलसर पेशींच्या रांगा दिसल्या, स्नायूंचे धागे दिसले, आणि मज्जातंतूंचे असंख्य सूक्ष्म तंतू दिसले. हा मेळ आपण आणखी कोठे पाहिला आहे, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला असला पाहिजे. निरोगी बोटांच्या टोकांतील गुंडे त्याने बारकाईने तपासले. आणि गाठ ही त्या गुंड्याचीच वाढलेली, विसकटलेली प्रतिकृती आहे, असे त्याने त्याच वर्षी ल्योंच्या शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकात जाहीर केले. तिला त्याने ‘मज्जा-स्नायू-रोहिणी गुंड्याचे अर्बुद’ अशा अर्थाचे लांबलचक नाव दिले. नाव लांब, पण पुरते खरे. विकृतिशास्त्रात रोग आधी कळतो आणि निरोगी अवयव मागाहून समजतो असे अनेकदा घडते. इथेही या गुंड्यांकडे वैद्यकाचे खरे लक्ष गेले ते त्यांच्या गाठीमुळेच. मासों पुढे १९२७ साली माँट्रियलला गेला आणि तेथेच १९५९ साली वारला.

वेदनेचा उलगडाही मासोंच्या त्या चित्रात थोडासा होता. आवरणात बंद असलेली गाठ. आत रक्त भरले की तिला पसरायला जागा नाही. आणि पेशींच्या रांगांतून उघडे मज्जातंतू विखुरलेले. मासोंनंतर अकरा वर्षांनी, १९३५ साली, अमेरिकेत आर्थर पर्डी स्टाउट यांनी अशा गाठींचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. १९४२ मध्ये त्यांनी मार्गारेट मरे यांच्यासह गाठीतील पेशी काचेच्या भांड्यात वाढवून पाहिल्या, आणि त्या गोलसर पेशींचे नाते केशवाहिन्यांना बिलगून असणाऱ्या पेशींशी जोडून दाखविले. पण तो तपशील प्रयोगशाळेतला झाला. रुग्णाला त्याचा उपयोग गाठ कापून काढल्यानंतर. त्याआधी, गाठ आहे हे ओळखायचे कसे?

इथे मला दोन साध्या कसोट्यांविषयी सांगितले पाहिजे, कारण त्यांच्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. १९४४ साली मेयो क्लिनिकचे ग्राफ्टन लव्ह यांनी पहिली कसोटी प्रसिद्ध केली. लव्ह हे मज्जासंस्थेचे शल्यवैद्य होते. बोटाच्या गाठीची कसोटी मेंदू आणि पाठीचा कणा हाताळणाऱ्याने सांगावी, यावरूनच हे रुग्ण किती दूरवर भटकत जात असतील याची कल्पना येते. कसोटी अशी : टाचणीच्या डोक्याने, टोकाने नव्हे, नखावर एकेक ठिकाणी हलके दाबत जावे. एका बिंदूवर दाबताच रुग्ण हात झटकन ओढून घेतो. त्याच्या शेजारी, केवळ एक-दोन मिलिमीटर अंतरावर, तेवढेच दाबले तर त्याला काहीच होत नाही. वेदनेचे टोक इतके नेमके असणे, हीच गाठीची ओळख. नखुरड्यात सगळे बोट ठणकते, संधिवातात सांधा दुखतो, मानेतल्या दाबलेल्या मज्जातंतूमुळे हाताचा पट्टाच्या पट्टा मुंग्या आल्यासारखा होतो. एका टाचणीच्या डोक्याखाली मावणारे दुखणे फार थोडे.

दुसरी कसोटी हिल्ड्रेथ यांची, १९७० सालची. हात वर धरून त्यातील रक्त उतरू द्यावे, मग दंडावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून तो रक्ताच्या वरच्या दाबाहून अधिक फुगवावा. आता त्याच बिंदूवर टाचणी दाबली तर दुखत नाही. पट्टा सोडताच रक्त धावत येते आणि कळही धावत येते. गाठ रक्तवाहिनीची आहे हे यातून दिसते. यापेक्षाही सोपी तिसरी कसोटी आपल्या त्या गृहिणीने नकळत स्वतःच केलेली आहे : बोट गार पाण्यात धरणे. १९७२ मध्ये कॅरल आणि बर्मन या शल्यवैद्यांनी अठ्ठावीस रुग्णांचा अनुभव मांडताना थंडीने उठणारी कळ, एका बिंदूचा स्पर्श न साहणे आणि झटक्याझटक्याची वेदना, या तीन लक्षणांच्या त्रिकुटावर भर दिला. आपल्याकडे मणिपाल येथील शल्यवैद्यांनी २००२ साली हाताच्या अशा अठरा रुग्णांवर या कसोट्या पडताळून पाहिल्या. थंडीची कसोटी सर्वांत विश्वासार्ह ठरली. टाचणीची कसोटी कोणालाही सोडीत नाही, परंतु ती दुसऱ्या दुखऱ्या गाठींनाही होकार देते. आणि पट्ट्याची कसोटी काही रुग्ण निसटू देते, पण तिने होकार दिला तर तो खरा मानावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या कसोट्यांना खर्च म्हणावा असा येतच नाही. टाचणी, रक्तदाबाचा पट्टा, थंड पाण्याचा वाडगा. तरी निदानाला वर्षे का लागतात? मला वाटते, कारण वैद्याला बोटाकडे पाहायला सांगितले जाते आणि तो बोटाकडेच पाहतो. दिसले नाही की संपले. नखाखाली निळसर-तांबूस ठिपका, नखावर एखादी उभी रेघ, नखाची किंचित वाढलेली कमान, अशी खूण कधी असते, कधी नसते. क्ष-किरणांच्या चित्रात गाठीने हाडावर पाडलेला वाटीसारखा खळगा काही रुग्णांतच दिसतो. गाठ कोवळी असेल तर हाड कोरे दिसते, आणि कोरे हाड पाहून ‘काही नाही’ असा शेरा पडतो. बायकांत ही नखाखालची गाठ पुरुषांहून बरीच अधिक आढळते, साधारण तीस ते पन्नास या वयात. आणि या वयाच्या स्त्रीने खुणेवाचून वेदना सांगितली की ती ‘नाजूक मनाची’ ठरवण्याची घाई पुष्कळांना होते. कारखान्याच्या गावात याची दुसरी बाजूही असू शकते. बोट चेपणे, नख काळे पडणे हे यंत्रावर काम करणाऱ्याला नवे नसते. अशा कामगाराने जुन्या आघाताच्या जागी कळ येते म्हणून सांगितले, तर ती जुन्या जखमेची वेदना समजली जाणार. आणि तो वारंवार सांगत राहिला, तर हलके काम मिळवण्याचे निमित्त समजले जाणार. तीन मिलिमीटरच्या गाठीपायी माणसाच्या शब्दाची पत जावी, ही या विकारातली खरी हानी होय.

आता यंत्रांनी मदत केली आहे हे खरे. ध्वनिलहरींच्या सोनोग्राफीत, विशेषतः रक्तप्रवाह रंगांत दाखवणाऱ्या डॉप्लर प्रकारात, नखाखालची दोन-तीन मिलिमीटरची गाठ रक्ताने भरलेल्या थेंबासारखी उठून दिसते. चुंबकीय अनुनादाच्या चित्रणात, ज्याला आपण सारे एमआरआय म्हणतो, ती विशिष्ट पद्धतीने घेतलेल्या चित्रात दिव्यासारखी चमकते. परंतु यंत्राला कोठे पाहायचे ते माणसानेच सांगावे लागते. ‘उजवा हात दुखतो’ एवढ्यावर चित्र काढले, तर यंत्र खांदा, कोपर, मनगट सारे दाखवील आणि अनामिकेचे टोक चौकटीबाहेर राहील.

आणि गाठ बोटातच असेल असेही नाही. सुमारे तीन चतुर्थांश गाठी हातात, आणि त्यांतल्या बहुतेक नखाखाली. उरलेल्या मात्र अंगभर कोठेही. गुडघ्याच्या बाजूला, मांडीत, मनगटाजवळ, पोटरीत. तिथे नख नाही, निळा ठिपका नाही, आणि थंडीचे लक्षणही पुष्कळदा नसते. मग रुग्णाचा गुडघा आतून पाहिला जातो, सांध्याची शस्त्रक्रियाही होते, आणि दुखणे तसेच राहते, कारण गाठ सांध्यात नसून त्वचेखालच्या चरबीत, हरभऱ्याएवढी बसलेली असते. ‘बोट ठेवून दाखवा, कोठे दुखते?’ असे विचारले आणि रुग्णाने प्रत्येक वेळी एकच बिंदू दाखवला, तर टाचणीची कसोटी मांडीवरही तितकीच चालते. माकडहाडाच्या टोकाशी तर एक निसर्गदत्त गुंडा आहेच. जर्मन शरीरशास्त्रज्ञ लुश्का याने १८६० साली त्याचे वर्णन केले. त्यामुळे तिथे उलटी चूक होते. माकडहाड दुखते म्हणून काढलेल्या तुकड्यात हा निरोगी गुंडा दिसतो आणि त्यालाच अर्बुद समजले जाते.

पोटातल्या गाठींची कथा आणखी वेगळी. स्टाउट यांचा समावेश असलेल्या न्यूयॉर्कच्या एका गटाने १९५१ साली जठरातील ग्लोमस अर्बुदांचे वर्णन केले. बहुधा जठराच्या खालच्या भागात, भिंतीच्या स्नायूच्या थरात ही गाठ वाढते. ती बोटातल्या बहिणीसारखी ओरडत नाही. तिचा सुगावा लागतो तो काळ्या शौचाने, रक्तक्षयाने, पोटातील मंद दुखण्याने, किंवा भलत्याच कारणासाठी दुर्बीण घातली असता. जठरात स्नायूच्या थरातून निघणाऱ्या गाठींत दुसऱ्या एका जातीची, आतड्याच्या आधारपेशींची, गाठ कितीतरी अधिक आढळते आणि तिचे औषधही निराळे आहे. म्हणून इथे निदान विकृतिशास्त्रज्ञाच्या हाती. ग्लोमस पेशी स्नायूंच्या प्रथिनाचा रंग घेतात, प्रत्येक पेशीभोवती जाळीसारखे आवरण दाखवतात, आणि त्या दुसऱ्या जातीची जी खूण, तिला नकार देतात. श्वासनलिकेतही अशी गाठ क्वचित निघते. तिथे खोकल्यातून रक्त पडते, धाप लागते, आणि दम्याची औषधे दीर्घकाळ दिली जातात. वेदना हीच जिची ओळख, ती गाठ आतल्या अवयवांत गेली की वेदनाच टाकून देते. मग तिला ओळखायला सूक्ष्मदर्शकावाचून गत्यंतर नाही.

या विषयात नावाने केलेला एक घोटाळाही आहे, आणि तो नुसता पंडिती नाही. कानामागे, कंठाच्या नीलेच्या घुमटाशी, १९४१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या स्टेसी गिल्ड यांना एक सूक्ष्म पिंड दिसला. त्याला त्यांनी ‘ग्लोमस’ हेच नाव दिले, कारण तोही गुंड्यासारखा दिसत होता. १९४५ साली रोझेनवॉसर यांनी मध्यकर्णातील अशा गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले. आणि कानातल्या या गाठींनाही ‘ग्लोमस’ म्हटले जाऊ लागले. वस्तुतः हे घराणेच वेगळे. मानेतील रोहिणीच्या फाट्याशी जो पिंड असतो आणि जो रक्तातला प्राणवायू चाखून पाहतो, ज्याच्या कार्याच्या शोधासाठी बेल्जियमच्या हायमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या जातीच्या या गाठी आहेत. बोटातल्या गुंड्यांशी त्यांचे नामसाधर्म्य सोडले तर नाते नाही. कानातील गाठीचा रुग्ण वेदना सांगत नाही. तो सांगतो की, रात्री उशीवर डोके टेकले की कानात नाडीच्या ठोक्याबरोबर ‘सूं-सूं’ आवाज येतो, आणि ऐकू कमी येते. पडद्यामागे लालसर, थडथडणारा गोळा दिसतो. इथे वैद्याने हात आखडता घ्यावा. तपासणीसाठी त्याचा तुकडा काढला तर रक्ताचा ओघ आवरणे अवघड होते. शिवाय तो गोळा म्हणजे गाठ नसून वाट चुकलेली रोहिणी किंवा वर चढलेली नीला असण्याचाही संभव असतो. आधी सीटी, एमआरआय, चाकू मागाहून. या गाठी कित्येक घराण्यांतून पिढ्यानपिढ्या उतरतात. २००० साली त्यामागील एक जनुक सापडला, आणि त्याचा एक चमत्कारिक नियमही स्पष्ट झाला : दोष बापाकडून आला तर गाठ होते, आईकडून आला तर बहुधा होत नाही. समुद्रसपाटीपासून फार उंचावर, पेरू देशाच्या पर्वतांत राहणाऱ्यांत मानेतल्या याच जातीच्या गाठी अधिक आढळतात, कारण विरळ हवेत प्राणवायू चाखणाऱ्या पिंडाला विश्रांती नसते. तेव्हा एखाद्याच्या कागदावर ‘ग्लोमस’ हा शब्द दिसला, तर तो बोटाचा की कानाचा, हे आधी विचारावे. उपचार, धोका, घरच्यांची तपासणी, सारे त्यावर अवलंबून आहे.

बोटाच्या गाठीतही आनुवंशिकतेचा एक धागा आहे. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आणि मज्जातंतूंच्या मऊ गाठी असलेल्या ‘न्यूरोफायब्रोमॅटोसिस’च्या रुग्णांत ग्लोमस अर्बुदे अनेक बोटांत होतात, आणि ती त्याच जनुकाच्या दोषातून उद्भवतात, हे २००९ साली सिद्ध झाले. त्यामुळे एकाच रुग्णाच्या दोन-तीन बोटांत अशा गाठी निघाल्या, तर वैद्याने त्याच्या अंगावरचे डागही पाहावेत. कर्करोगाचे रूप ही गाठ फार क्वचित घेते. २००१ साली बावन्न असाधारण गाठींच्या अभ्यासातून त्याचे निकष आखले गेले : गाठीची खोली आणि आकार, पेशींच्या केंद्रांचे बिघडलेले रूप, विभाजनाचा वेग. नखाखालच्या तीन मिलिमीटरच्या गाठीला हे निकष लागू पडण्याची पाळी सहसा येत नाही.

आणि उपाय? उपाय वुडच्या काळी होता तोच आहे. फक्त आता बोट बधिर करता येते. बोटाच्या मुळाशी पट्टा बांधून रक्त थांबवतात, नख अलगद उचलतात, भिंगातून पाहत गादीला बारीक छेद देतात. आणि त्यातून मोत्यासारखा, करडा-गुलाबी गोळा आवरणासकट बाहेर येतो. गादीला टाके नीट पडले नाहीत तर नख दुभंगलेले उगवते, म्हणून काही शल्यवैद्य नखाच्या कडेने शिरतात. पण त्या वाटेने गाठीचा कण मागे राहण्याचा धोका अधिक. कण राहिला तर काही आठवड्यांत कळ पुन्हा येते. वर्षा-दोन वर्षांनी आली, तर बहुधा नवीन गाठ. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच टाचणीने सापडलेला तो बिंदू शाईने नखावर रेखून ठेवण्याची चाल आहे, कारण पट्टा बांधून रक्त उतरले की गाठ फिकी पडते आणि भिंगालाही चकवते.

टाके निघाले की बोट काही दिवस जखमेने दुखते, आणि ते दुखणे वेगळे आहे हे रुग्ण स्वतःहून सांगतो. नखाला पुरते वाढायला सहा महिने लागतात. मधल्या काळात बोटाच्या टोकाला कपड्याचा काठ लागला तरी हात आपोआप मागे जातो. गाठ गेलेली असते, पण हाताला ते अजून कळलेले नसते. मग पुढच्या हिवाळ्यातील एखाद्या सकाळी ती गृहिणी नळ सोडते, थोडी थबकते, आणि भांडे पाण्याखाली धरते.